फुकटचा सल्ला आणि पंधरा हजारांची फी

गेल्या माघात पुतणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. पंगत उठली, बायका आतल्या खोलीत गेल्या, पुरुषमंडळी बडीशेप चघळत बाल्कनीत जमली आणि तिथे वाद पेटला. पुतणीची मुलगी आठवीत आहे, मुलगा चौथीत. त्यांच्या कॉलेजच्या खर्चाची सोय लावायला आर्थिक सल्लागाराकडे जावं का, एवढाच प्रश्न होता. जावई आयटीत. त्यांच्या मते सल्लागाराची फी म्हणजे अडाण्यांवरचा कर. इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात, एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, लावायची आणि विसरून जायचं, बाकी सगळं मोबाइलवर आहे. पुतणीचे चुलतसासरे, ज्यांना सगळेच अण्णा म्हणतात, तीस वर्षं विमा एजंट आहेत. घरात मी असताना बाहेरच्याला पैसे मोजून सल्ला कशाला घ्यायचा, हा त्यांचा सवाल. तिसरे एक शेजारी नुकतेच कुठल्याशा हॉटेलातलं व्याख्यान ऐकून आले होते. सल्लागार नेमला नाही तर पोरं बारावीनंतर घरी बसतील, असं त्यांनी जवळजवळ शापवाणीच्या सुरात सांगितलं. अर्धा तास तिघं तावातावाने बोलले. मुलीला काय शिकायचंय, आईबाप कुठल्या वर्षी निवृत्त होणार, फ्लॅटचा हप्ता कधी संपणार, यातलं एक अक्षरही त्या अर्ध्या तासात निघालं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जावं. पण आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, आणि ठरलेली फी उघडपणे मोजून. कुठला फंड घेऊ, हे विचारायला जाण्यात अर्थ नाही. ते हल्ली शेंबडं पोरही सांगतं. घरातल्या कुणाच्या तोंडून निघणार नाही असा नकार ऐकायला जावं. आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांनी सल्लागाराच्या आधी तहसील कचेरी आणि सेतू केंद्राची पायरी चढावी. हे सगळं बाल्कनीत मी बोललो नाही. व्याह्यांच्या घरचे लोक होते, आणि पोटात पुरणपोळी होती.

बोलायचा अधिकार मला किती, तेही सांगतो. बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. दर वर्षी जून-जुलैत समोरच्या खुर्चीवर बाप बसायचा, शेजारी प्रवेशपत्र हातात घट्ट धरलेलं पोर. बापाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, घराची कागदपत्रं आणि चार-पाच विमा पॉलिसी. त्यातल्या काही पॉलिसी मीच विकलेल्या असायच्या. शाखेला टार्गेट असायचं, मार्च जवळ आला की वरून रोज फोन यायचा, आणि ठेव ठेवायला आलेला माणूस चाइल्ड प्लॅन, म्हणजे मुलांच्या भविष्यासाठीची विमा पॉलिसी, घेऊन घरी जायचा. २००७ साली स्वतःच्या मुलीसाठीही मी तसलाच एक युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा, घेतला. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला केवढा मोठा तुकडा खर्चापोटी कापला जातो, हे बँकेतला अधिकारी असून मी नीट वाचलं नव्हतं. चार वर्षांनी सरेंडर केला तेव्हा भरले त्याहून कमी हातात आले. तेव्हा अण्णांवर मी दगड मारतोय असं कुणी समजू नये. फुकट सल्ला देणारा माणूस वाईट नसतो. त्याचं घर त्या सल्ल्यावर चालत नाही, विक्रीवर चालतं, एवढंच.

आता जावयांचा मुद्दा. तो खोटा नाही, उलट बराचसा खराच आहे. बहुतेक मध्यमवर्गीय घरांना लागणारं उत्तर अगदी साधं, जवळजवळ कंटाळवाणं असतं. कमावत्याचा पुरेसा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ मृत्यूविमा, सहा महिन्यांचा खर्च हाताशी, मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी, थोडा पीपीएफ, लांबच्या पल्ल्यासाठी एक-दोन स्वस्त फंड. एका रविवारात कळतं. चाइल्ड प्लॅनशी याची तुलना करून बघा. वर्षाला ५०,००० रुपये पंधरा वर्षं भरले, म्हणजे साडेसात लाख. ५ टक्क्यांनी वाढले तर शेवटी सुमारे ११ लाख ३३ हजार; पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्के दराने साडेतेरा लाखांच्या वर. सव्वादोन लाखांचा फरक, म्हणजे हॉस्टेल आणि मेसचा दोन-अडीच वर्षांचा खर्च. चाइल्ड प्लॅनमध्ये बाप गेला तर पुढचे हप्ते माफ होतात, ही खरीच सोय आहे आणि ती मी नाकारत नाही. पण टर्म इन्शुरन्स तेच काम कितीतरी कमी पैशांत करतो. हे समजायला सल्लागार लागत नाही, हे मान्य.

सल्लागारांच्या तक्त्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. शेजाऱ्यांना दाखवलेला तक्ता मला ठाऊक आहे. आज १५ लाखांना पडणारी पदवी पंधरा वर्षांनी केवढ्याला? दर वर्षी १० टक्के महागाई धरली तर सुमारे ६२ लाख ६६ हजार. ६ टक्के धरली तर ३६ लाखांच्या जरा आत. पुढे गुंतवणुकीवर १२ टक्के मिळतील असं धरलं तर पहिल्या आकड्यासाठी महिना १२,४०० रुपये बाजूला टाकावे लागतात, दुसऱ्यासाठी सातेक हजार; आणि १० टक्के महागाईसमोर परतावा ९ टक्केच धरला तर पहिलाच आकडा सोळा हजारांच्या वर जातो. घर तेच, मूल तेच, पदवी तीच. बदलली ती समोरच्या माणसाने संगणकात टाकलेली दोन अनुमानं. ज्याला मोठी एसआयपी विकायची आहे तो १० टक्के टाकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा सल्लागाराच्या छापील अहवालाला वेदवाक्य समजू नका. आकडा कुठून आला, असं विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठून यावं.

याहूनही मोठा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण बाल्कनीत तो कुणालाच सुचला नाही. महाराष्ट्रात कॉलेजचा खर्च ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट सल्लागाराच्या तक्त्यात नसतेच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं होतं. उत्पन्नाच्या त्याच मर्यादेत बसणाऱ्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी सवलत मिळते. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला सवलत नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. आता विचार करा. दोन कॉलेजं, एकाच शहरात, एकच शाखा. एक कॅपमधलं, संलग्न. दुसरं चकचकीत खाजगी विद्यापीठ, वर्षाला तीन-चार लाख फी, जाहिरात प्रत्येक चौकात. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेल्या घरासाठी या एका निवडीतला फरक बारा-पंधरा लाखांचा होतो. पंधरा वर्षं घाम गाळून कुठला फंड तेवढा जास्त देणार आहे? माझ्या टेबलावर आलेल्या एका शिक्षकाने मुलीसाठी दुसऱ्या कॉलेजचं पहिलं शुल्क भरून टाकलं होतं आणि मग कर्ज मागायला आले होते. दाखला काढायचा राहिला, कारण तहसीलदार कचेरीत सर्व्हर बंद होता आणि कॉलेजवाल्यांनी शेवटची तारीख सांगितली होती. त्यांना कुठल्या आर्थिक सल्लागाराने वाचवलं असतं? बहुधा कुठल्याच नाही. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज कसा भरायचा हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या कारकुनाला सगळ्या सल्लागारांपेक्षा जास्त कळतं. आणि तो फी घेत नाही. फक्त साडेतीनच्या पुढे टेबलावर सापडत नाही.

मग एवढं सगळं मान्य करून सल्लागाराकडे जा असं कोणत्या तोंडाने म्हणतोय?

कारण जावयांच्या म्हणण्यातलं दुसरं वाक्य खोटं आहे: लावायची आणि विसरून जायचं. विसरून गेलेल्यांना मी पाहिलं आहे. १९९३ साली सरदार सरोवर नर्मदा निगमाने एक रोखा काढला होता. आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. कितीतरी घरांनी मुलीच्या शिक्षणाला किंवा लग्नाला म्हणून तो घेऊन कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. गुजरात सरकारने २००८ मध्ये कायदा करून तो मुदतीआधीच मोडायचा अधिकार मिळवला आणि २००९ च्या जानेवारीत रोख्यामागे ५०,००० रुपये देऊन मोकळं झालं. व्याजाचा दर पाहिला तर कुणी बुडालं नाही, उलट चांगला परतावा मिळाला. पण तेवढा दर पुढे कुठे मिळणार होता? ५०,००० पाच वर्षं साडेआठ टक्क्यांनी ठेवले तर पाऊण लाख होतात. ज्या घराने २०१४ चा प्रवेश १,११,००० वर बांधला होता त्याच्या हिशेबाला रोख्यामागे छत्तीस हजारांचं भगदाड पडलं, आणि पाच वर्षं हातात असूनही ते बुजवायला सांगणारं कुणी नव्हतं. इंडेक्स फंडाचंही तेच. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांना शिवून आला होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढे वर आला, हो. पण ज्याचं पोर त्या वर्षी बारावीला होतं आणि ज्याचे सगळे पैसे तेव्हाही शेअरमध्येच होते, त्याची एप्रिलमधली झोप कुणी परत दिली? प्रवेशाच्या दोन-तीन वर्षं आधी पैसे हळूहळू बाजारातून काढून ठेवीत टाकायचे, हे शहाणपण सगळ्यांना पाठ असतं. बाजार चढत असताना ते करवत नाही. चढत्या बाजारात जावयांना कोण अडवणार? मी?

'आमच्या आईबापांनी सल्लागार न ठेवता चार-चार पोरं शिकवली' हे वाक्यही प्रत्येक पंगतीत ऐकू येतं. शिकवली, खरंय. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि आम्ही तिघं भाऊ पदवीधर झालो. पण तो त्यांच्या नियोजनाचा पराक्रम नव्हता. फी सरकार भरत होतं, घराला फक्त खोलीभाडं आणि डबा बघायचा होता. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या निर्णयाने हजारो पोरांना, विशेषतः गावाकडच्या पोरांना, दार उघडलं. त्यावर मी नाक मुरडणार नाही. पण दारावरचा खर्च त्या दिवसापासून सरकारच्या वहीतून घराच्या वहीत आला. चारच वर्षांत, १९८७ ला, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरून वहीत काय काय लिहिलं जात होतं ते कळावं. वडिलांच्या काळातला हिशेब आणि आजचा हिशेब एकच आहे असं म्हणणारा माणूस बैलगाडी हाकता येते म्हणून ट्रकची चावी मागतोय.

आणि हिशेब गुंतागुंतीचा झाला की कागद आला. कागद न वाचता सही करण्याची किंमत या मातीने आधी मोजलेली आहे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. मागितलं काय? वह्या आणि कर्जाची खतं. मिळाली तिथे ती जाळली. त्यांना ठाऊक होतं की आपला शत्रू माणसापेक्षा तो कागद आहे, ज्यावर आपला अंगठा आहे आणि जो आपल्याला वाचता येत नाही. पुढे १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला, त्यात एक साधी तरतूद होती: शेतकऱ्याचा दस्त निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. म्हणजे व्यवहारात ज्याचा काहीच फायदा नाही असा एक तिसरा साक्षर माणूस मध्ये बसवला. आज आपण सगळे साक्षर आहोत. पण चाळीस पानी पॉलिसी दस्तऐवजातलं 'हमीपात्र सरेंडर मूल्य' किंवा कर्जकरारातलं व्याजदर बदलाचं कलम वाचून किती जणांना काही उमगतं? मला उमगलं नव्हतं, वर लिहिलंच आहे. सावकारही सल्ला फुकटच द्यायचा. पेरणी कधी, बियाणं कुठलं, पोरीचं लग्न कुणाशी, सगळं सांगायचा. गावात त्याच्याइतका मदतीला धावून येणारा दुसरा नव्हता.

तो तिसरा माणूस म्हणजे मी म्हणतो तो सल्लागार. सेबीने, म्हणजे भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांचे नियम केले आणि पुढे ते कडक करत नेले. आज नोंदणीकृत सल्लागाराला एकाच घराकडून सल्ल्याची फी आणि विक्रीचं कमिशन अशी दोन्ही तोंडं भरता येत नाहीत. त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'आयएनए' या अक्षरांनी होते. म्युच्युअल फंड विकणाऱ्याचा क्रमांक 'एआरएन'ने सुरू होतो. गोंधळ इथेच होतो, कारण दोघांच्याही व्हिजिटिंग कार्डावर सूट घातलेला फोटो असतो. सेबीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. अडचण अशी की असे सल्लागार देशभरात हजाराच्या आसपास आहेत, तर नुसत्या एलआयसीचे एजंट तेरा लाखांहून जास्त. हिंगोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला ते सापडणार कुठे, हा आक्षेप रास्तच आहे. व्हिडिओ कॉलवर आता बरेच जण काम करतात, तरी मराठीत नीट बोलणारा मिळणं दुर्मीळ, आणि समोर बसून पिशवी उलटी केल्याशिवाय आपल्याकडे खरं बोललं जात नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही.

फीबद्दल मात्र उत्तर आहे. पुतणीला पुण्यातल्या एका सल्लागाराने पंधरा हजार सांगितले तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. सेबीने ठरलेल्या फीची वरची मर्यादा वर्षाला घरटी १,५१,००० ठेवली आहे; त्यापुढे पंधरा हजार म्हणजे काहीच नाही, असं म्हणून मी तिची समजूत काढू शकलो असतो. मी दुसरा हिशेब मांडला. घरात अण्णांच्या हातच्या दोन पॉलिसी होत्या, मिळून वर्षाला पन्नास हजार हप्ता. अशा पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला पाव भाग तरी विकणाऱ्याला मिळायचा, नंतर दर वर्षी थोडा थोडा. म्हणजे साडेबारा हजार पहिल्याच वर्षी गेले होते, त्याच सोफ्यावर, चहा-पोह्यांसकट. ते दिसले नाहीत, म्हणून बोचले नाहीत. यात एक सावधगिरी: काही नोंदणीकृत सल्लागारही फी ठरवून घेण्याऐवजी तुमच्या गुंतवणुकीच्या टक्केवारीवर घेतात. तसा सल्लागार नियमात बसतो, पण पैसे काढून घराचं कर्ज फेडून टाका असं सांगताना त्याचा आवाज आपोआप थोडा बारीक होतो. ठरलेली फी बरी.

आता त्या नकाराकडे येतो, ज्यासाठी पैसे मोजायचे. मराठी घरात पोराच्या शिक्षणाला 'नाही' म्हणणं हे जवळजवळ पाप आहे. प्रॉव्हिडंट फंड मोडू, राहतं घर गहाण टाकू, आईच्या पाटल्या विकू, पण शिकवू. या हट्टानेच आपल्याला इथवर आणलं. माझ्या टेबलावर मात्र त्याची दुसरी बाजू यायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी फंडातला शेवटचा रुपया मुलाच्या परदेशी पदव्युत्तर शिक्षणावर लावून मोकळे झालेले आणि चार वर्षांनी 'काही वैयक्तिक कर्ज मिळेल का हो' असं विचारायला आलेले गृहस्थ मला आठवतात. अठरा वर्षांच्या पोराला मी लाखो रुपये कर्ज दिलं. बासष्ट वर्षांच्या त्यांना एक रुपया देऊ शकलो नाही. मुलगा चांगला होता, पैसे पाठवायचा. पण ते मागताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा हे त्या मुलाने कधी पाहिलं नसेल. त्यांना वेळेवर कुणी थांबवायचं होतं? बायकोने? ती पोराची वैरीण ठरली असती. भावाने? तो मत्सरी. परक्या माणसाने, फी घेऊन, कागदावर आकडा दाखवून सांगितलं असतं तर निदान भांडण परक्याशी झालं असतं.

आणि 'कर्ज काढून शिकणं आपल्यात बसत नाही' हेही जरा तपासून घ्यावं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. त्यासाठी बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार त्यांनी करून दिला होता, हे कमी जणांच्या लक्षात राहतं. पुढे लंडनचं शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्ध्यावर सुटलं. बडोद्याला नोकरीवर गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला खोली मिळेना. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. अटींची शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, देणगी, कर्ज. चारही वाटा, आणि कर्ज शिकणाऱ्याच्या नावावर. आज एकशे चाळीस कोटींच्या देशात कुणाला यात कमीपणा वाटायचं कारण काय?

कर्ज मात्र कळून घ्यावं. एक नेहमीचं उदाहरण देतो, जे मी काउंटरवर पाटी लावून शिकवायला हवं होतं. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षी अडीच लाख, असे दहा लाख, साडेनऊ टक्क्यांनी. अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, म्हणून घर निश्चिंत. पण व्याज साधं का होईना चढत असतं. पाच वर्षांत ते ३ लाख ३२ हजार होतं आणि मुद्दलात मिसळतं. मग दहा वर्षांचा हप्ता येतो सुमारे १७,२०० रुपये, नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. हेच व्याज बापाने चालू काळात भरत नेलं तर पहिल्या वर्षी महिना दोन हजारसुद्धा लागत नाहीत, चौथ्या वर्षी आठेक हजार लागतात; आणि पोराचा हप्ता राहतो तेरा हजारांच्या आत. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजात सवलतही देतात. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं, वरची मर्यादा नाही, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत कॉलेज असेल, आणि तेव्हा ती यादी ८६० संस्थांची होती, तर तारण आणि जामीनदार दोन्हींची गरज नाही. कुठला मुद्दा तुमच्या घराला लागू, कुठला नाही, हे एका बैठकीत कुणीतरी सांगायला हवं. कर्जाच्या टेबलावरच्या माणसाने सांगावं अशी अपेक्षा असेल तर जुलैत त्याच्यासमोर लागलेली रांग बघून या.

शेवटी पुतणी गेली. जावयांना न सांगता गेली असं ती म्हणते. मला वाटतं जावयांना माहीत होतं, फक्त त्यांनी हरलोय असं दिसू दिलं नाही. दोन तास लागले. सल्लागार बाई होत्या. त्यांनी फंडांची नावं शेवटच्या दहा मिनिटांत घेतली. आधी विचारलं की दोन पॉलिसींपैकी मुलाच्या नावावरची 'शिक्षणासाठी' आणि मुलीच्या नावावरची 'कन्यादान', हे असं का? पुतणी गप्प बसली. आठवीतली मुलगी गणितात पहिली येते आणि तिच्या नावापुढे आठ वर्षं लग्नाचे पैसे साठत होते, हे घरात एकालाही खटकलं नव्हतं, मलाही नाही, आणि मी ते कागद दोनदा चाळले होते. दोन्ही पॉलिसी पेड-अप करायच्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवायच्या, टर्म इन्शुरन्स वाढवायचा, फ्लॅटच्या हप्त्याला हात लावायचा नाही, प्रॉव्हिडंट फंडाला तर मुळीच नाही, आणि मुलगा-मुलगी दोघांचा एकच हिशेब ठेवायचा, असं ठरलं. परदेशाचा विषय जावयांनी काढला होता, तर बाईंनी एक कोरा कागद पुढे करून सांगितलं, यावर तुमच्या निवृत्तीचं वर्ष लिहा. तो कागद अजून कोराच फ्रिजवर लावलेला आहे.

अण्णांना पेड-अपचं पत्र मिळालं तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. वैशाखात त्यांच्या नातवाची मुंज आहे. बोलावणं आलंय, पण छापील पत्रिकेवर माझं नाव पेनाने लिहिलंय, आणि आडनावात एक काना कमी आहे.